चार बोटं कललेलं कोठार

तबेल्याच्या दाराला एक कडी बसवायची होती. एवढंच. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी पहिल्यापासूनच काहीतरी कट रचून बसलो होतो. जून महिन्यातल्या एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता गिलियन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "डेस्मंड, तबेल्याचं दार वाऱ्यानं आपटतं. घोडी दचकते. एक कडी लावशील?" मी म्हणालो, "लावतो की." त्यात गैर काय होतं?

मी जन्मभर इप्सविचला विम्याच्या कचेरीत होतो. लोकांच्या भिंतीला तडा गेला की तो तडा आमच्या पॉलिसीत कसा बसत नाही, हे त्यांना नम्रपणे पटवून देणं हे माझं काम. ज्या माणसानं आयुष्यात खिळा ठोकला नाही, त्याला निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं काय द्यावं? घड्याळ द्यावं, छत्री द्यावी. त्यांनी मला पितळी पाणसळ दिली. गवंडी भिंतीवर ठेवून आतला बुडबुडा बघतात ना, ती. कडी बसवायची तर चौकट सरळ आहे का ते आधी बघावं, या शुद्ध हेतूनं मी ती पाणसळ तबेल्याच्या खांबाला लावली. बुडबुडा धावत एका टोकाला गेला आणि तिथंच बसून राहिला.

खांब कललेला होता. तबेला कोठाराला टेकून उभा, तेव्हा संशय कोठारावर गेला. मी शिडी लावली, तुळईवरून ओळंबा सोडला आणि खाली येऊन बघतो तर काय, दोरी आणि खांबाच्या तळामध्ये माझी चार बोटं आरामात जात होती. पूर्वेच्या बाजूला, चार बोटं! या घरात लग्न करून आल्यापासून मी त्या कोठारात हजारदा गेलो असेन. मला ते कधी वाकडं दिसलं नव्हतं. आता मात्र मान कलती केल्याशिवाय त्याच्याकडे बघताच येईना.

कोठाराबद्दल सांगायला हवं. सफोकमध्ये आमच्या लिटल वेनफिल्डसारखी गावं पुष्कळ आहेत, पण असं कोठार नाही. (हे प्रत्येक गावचा माणूस म्हणतो. पण आमच्या बाबतीत ते खरं आहे.) बाहेरून डांबर फासलेल्या काळ्या फळ्या, वर शेवाळलेली लाल कौलं. आत शिरलं की आपोआप आवाज खाली येतो. ओकचे खांब असे, की मी आणि शेजारचा फिनबो दोघांनी मिळून मिठी मारली तरी हात पुरणार नाहीत; आणि फिनबोचे हात लांब आहेत. मधे खळं, दोन्ही बाजूंना भरली गाडी आत जाईल अशी थोरली दारं, आणि वर तुळया, तिरपे आधार, वासे. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात खिळा म्हणून नाही. लाकडाच्या खुंट्यांवर सगळा डोलारा. त्या काळचे सुतार प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदारापुरताच कापायचे आणि दोघांवर एकच खूण कोरायचे. त्या खुणा अजून बोटाला लागतात. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पटाशीनं मारलेली रेघ आपल्या बोटाखाली येते तेव्हा विम्याच्या कचेरीतल्या माणसालाही गहिवरून येतं. मला येतं. लाकडं मात्र मोडीत काढलेल्या लढाऊ जहाजाची आहेत असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये जुनं कोठार असलेला प्रत्येक माणूस ते सांगतो, आणि ते सगळे खरं बोलत असतील तर त्या काळी समुद्रात पाण्यापेक्षा जहाजं जास्त असली पाहिजेत.

दर सप्टेंबरात याच कोठारात गावाचं सुगीचं जेवण होतं. लांब टेबलं, थंड हॅम, लोणच्यातले कांदे, भाजलेले बटाटे, सफरचंदाची पेस्ट्री आणि सायडर, म्हणजे सफरचंदाचीच दारू. गिलियनच्या पणजोबांच्या आधीपासून हे चालत आलेलं आहे. तिचे वडील, वॉल्टर, वारले त्या वर्षीसुद्धा जेवण झालंच. ते गेले मंगळवारी आणि शनिवारी तिनं स्वतः हॅम कापलं. मी तेव्हा म्हणालो होतो, यंदा राहू दे. ती म्हणाली होती, "बाबांना काय सांगू मग?"

आता शहाण्या माणसानं ओळंबा गुंडाळून खिशात घातला असता. मी तो घेऊन पबमध्ये गेलो. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय. तुमची कोंबडी जास्त अंडी देते, तुमच्या बागेत भोपळा मोठा येतो. माझ्याकडे सांगण्यासारखं कधी काही नसायचं. मी ग्लास खाली ठेवला आणि सहज म्हणून म्हणालो, "आमचं कोठार चार बोटं कललंय."

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"माझ्या मावशीचं असंच कललं होतं," पबवाली डोरीन म्हणाली. "कोठार नव्हे, घर. एक दिवस चहा ओतत होती, आणि किटली चालायला लागली."

"पायात काँक्रीट ओत," एकजण म्हणाला.

"काँक्रीट? ओकच्या पायात? त्यापेक्षा सरळ पेटवून दे ना!" दुसरा म्हणाला.

"दोर बांधायचा आणि ओढायचं," मॉरिस फिनबो म्हणाला. "मला सांग फक्त. माझ्याकडे विंच आहे."

फिनबो आमचा शेजारी. आमची जमीनही तोच कसतो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी यंत्र आहे, आणि यंत्राला काम नसलं की त्याला रात्री झोप लागत नाही. गेल्याच वर्षी त्यानं लोखंडी पत्र्याची एक प्रचंड शेड बांधली होती. आत दिवे असे, की टाचणी पडली तरी सापडावी. त्या शेडसारखी कुरूप वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही, कारण आम्ही शेजारी आहोत.

आमच्या गावात तोंडावर कुणी काही बोलत नाही. दोन दिवसांनी गावच्या चर्चच्या रेव्हरंड बाई केक घेऊन दारात उभ्या राहिल्या. केक आला की समजावं, काहीतरी झालंय. त्यांनी हवेबद्दल विचारलं, घोडीबद्दल विचारलं, आमच्या गुलाबांचं कौतुक केलं आणि तिसरा कप चहा संपता संपता म्हणाल्या, "कुणी काही म्हणत नाहीये हं, गिलियन. पण जेवणाच्या समितीतल्या काहींना वाटलं... म्हणजे लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात... आणि मॉरिसची शेड रिकामीच आहे. यंदापुरतं."

"यंदापुरतं," गिलियन म्हणाली. "अगदी बरोबर. अजून केक घ्या ना."

त्या गेल्यावर तिनं सगळ्या बश्या धुतल्या. ज्या वापरल्या नव्हत्या त्याही धुतल्या. आमच्या घरात आरडाओरडा होत नाही. गिलियनला राग आला की ती फार सभ्य वागते. त्या संध्याकाळी तिनं मला "मीठ देतोस का, प्लीज" असं म्हटलं, तेव्हा मी मीठ आणि मिरपूड दोन्ही पुढं केली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या तुळईखाली मी जन्मभर जेवलेय, डेस्मंड. पत्र्याखाली मी जाणार नाही. तू जा." तिचे डोळे भरून आले होते. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

तेव्हा मी ठरवलं: सुगीचं जेवण आपल्याच कोठारात होणार. समितीला हवा होता एखाद्या जाणत्याचा शब्द, की कोठार भक्कम आहे. मी कौन्सिलच्या कचेरीत फोन केला.

आमचं कोठार सरकारच्या वारसा यादीत आहे. याचा अर्थ ते आपलं असतं, कौलं फुटली तर ती आपण बदलायची, पण कुठल्या कौलानं बदलायची ते कौन्सिल सांगणार. फोनवरच्या मुलीनं मला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलं, तिथून तिसऱ्या, आणि शेवटी मी पुन्हा तिच्याचकडे आलो. आम्हा दोघांनाही जुनी ओळख निघाल्यासारखा आनंद झाला. तिनं मला मिस ड्रिंग यांच्याकडे जोडून दिलं. त्या जुन्या इमारतींच्या अधिकारी.

"कशालाही हात लावू नका, मिस्टर थर्लो," हे त्यांचं पहिलं वाक्य. "मी येऊन बघते. कोठारात घुबडं आहेत का?"

मी अभिमानानं म्हणालो, "आहेत! पांढरी. पिल्लंसुद्धा आहेत."

झालं. पिल्लं उडून जाईपर्यंत तिथं शिड्या लावायच्या नाहीत, ठोकून बघायचं नाही, काही नाही. तो कायदाच आहे. मिस ड्रिंगनी आधी घुबडांचा एक जाणकार पाठवला. तो दारातच गुडघ्यावर बसला आणि घुबडांनी ओकून टाकलेली केसाहाडांची गोळी हातात घेऊन, नातवंडाचा फोटो बघावा तशी बघत राहिला. "सुंदर," तो म्हणाला. "उंदरांची हाडं बघा, किती स्वच्छ!" मी बघितली. त्याचं म्हणणं पडलं की पिल्लं यंदा उशिराची आहेत, सप्टेंबर उजाडेल.

सगळा उन्हाळा मी घुबडांच्या पिल्लांची वाट बघण्यात काढला. पोरांच्या परीक्षेच्या निकालाची वाटही मी इतकी बघितली नव्हती. संध्याकाळी खळ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचं. पिल्लं तुळईच्या कडेला येऊन रांगेत उभी राहायची, खाली बघायची आणि परत जायची. "उडा की लेको!" मी म्हणायचो. पण तिथं बसून बसून मला एक लाभ झाला. कोठारात उजेड कसा फिरतो ते मी बघितलं. फळ्यांच्या फटींतून येणारे उन्हाचे पट्टे खांबावरून हळूहळू वर सरकतात आणि शेवटी छपरातल्या खुंट्यांपर्यंत पोचतात. मग तिथली प्रत्येक खुंटी वेगळी दिसते, कुणाच्या तरी हातानं तासलेली. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्याकडे ना क्रेन, ना फिनबो. मला त्या माणसांचा इतका आदर वाटायला लागला, की कोठार वाकडं आहे याची त्यांच्या वतीनं मलाच लाज वाटू लागली.

पिल्लं उडाली. मिस ड्रिंग गुरुवारी येणार असं ठरलं, जेवण शनिवारी. बुधवारी संध्याकाळी फिनबो कुंपणावर वाकून म्हणाला, "मला काही तुमचं जेवण माझ्या शेडमध्ये नकोय, लेका. बायको म्हणते, आधी तिथला बटाट्याचा ढीग हलव. कुठं हलवू? तुझ्या त्या ड्रिंगबाईनं वाकडा खांब बघितला की ती टाळं ठोकणार, मी सांगतो. त्यापेक्षा उद्या सकाळी जरासं सरळ करून ठेवू. तिला कळायचंही नाही."

"हात लावू नका म्हणाल्यात त्या."

"हात कुठं लावतोय? दोर लावतोय."

विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही तोड लगेच पटली. पाहुणे यायच्या आधी आपण उशा नीट करतो, गालिचावरचा डाग टेबलाखाली सरकवतो. त्यातलाच हा प्रकार, असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी गिलियन चर्चमध्ये फुलं लावायला गेली, आणि आम्ही कामाला लागलो. तुळईच्या टोकाला जाड गोणपाट गुंडाळून पोलादी दोर बांधला, तो फळ्यांच्या फटीतून बाहेर काढून अंगणातल्या अक्रोडाच्या झाडापर्यंत नेला, आणि झाडाला फिनबोची विंच. दांडा मागेपुढे केला की दोर बोटबोटभर ओढला जायचा. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कोठार कण्हलं. म्हाताऱ्या माणसाला न विचारता खुर्चीतून उठवावं तसं. धूळ पडली, कबुतरं उडाली. "ओढू का?" फिनबोनं विचारलं. मी पाणसळ खांबाला लावून बसलो होतो. बुडबुडा हलला. सरकत सरकत मधे आला. बरोब्बर मधे!

मी टोपी काढली. चारशे वर्षांत पहिल्यांदा ते कोठार सरळ उभं होतं, आणि हे मी केलं होतं, म्हणजे मी आणि फिनबोनं. विंचेवर आम्ही ताडपत्री टाकली, वर लाकडाची मोळी ठेवली, आणि तेवढ्यात मिस ड्रिंगची छोटी हिरवी गाडी आली. शेजारी रेव्हरंड बाई बसल्या होत्या, समितीतर्फे.

मिस ड्रिंग बारीक चणीच्या, चिखलाचे बूट, गळ्यात विजेरी. आत शिरल्या आणि "अरे वा!" एवढंच म्हणाल्या. त्यांना उचलून घ्यावंसं मला वाटलं. वारा होता, खळ्यातला भुसा रेव्हरंड बाईंच्या डोळ्यांत जात होता. मी पुढं झालो. "दारं लावतो. बघा तर, कशी घट्ट बसतात." दार काही बसेना. फिनबोनं कडीला धरून आपलं सगळं वजन मागं टाकलं. धाडकन आवाज झाला, आणि दार बसलं. इतकं घट्ट, की फटीतून येणारा उजेडही बंद झाला.

मिस ड्रिंगनी खांब बघितले, सांधे बघितले, खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बाहेरून बघू या आता."

मी दार ढकललं. ते हललं नाही. मी हसलो आणि म्हणालो, "ही तुळई तुम्ही नीट पाहिली का?" त्यांनी नीट पाहिली. तोवर फिनबोनं खांदा लावून बघितला. मग तोही शीळ घालत बाजूला झाला. समोरचं थोरलं दारही तसंच अडकलेलं. तबेल्याकडचं छोटं दार, तेही. चौघांनाही कळलं होतं की आपण कोंडले गेलो आहोत. पण ते म्हणायचं कुणी? माझ्या कोठारात माझ्या पाहुण्यांना कोंडलं असं मी म्हणणार नाही, आणि यजमानाचं दार उघडत नाही असं पाहुणे म्हणणार नाहीत. कोठारात मोबाईलला रेंज नसते, आणि असती तरी कुणी फोन लावला नसता. आम्ही तुळई पुन्हा पाहिली. रेव्हरंड बाईंनी यंदाच्या डेलियाच्या फुलांचा विषय काढला. फिनबोनं पावसाचा काढला. डेलिया संपले, पाऊस संपला. मिस ड्रिंग म्हणाल्या की त्यांची एक आत्या एकदा कुठंतरी लिफ्टमध्ये अडकली होती, आणि लगेच "माफ करा" म्हणाल्या.

बाहेर सायकलची घंटी वाजली. गिलियन!

"डेस्मंड?" दारापाशी आवाज आला. "आत आहेस का? दार का लावलंय?"

"अं... वारा होता."

"उघड मग."

मी दार पुन्हा एकदा ढकलून बघितलं. मग तिचा आवाज जरा लांबून, अक्रोडाकडून आला. "या ताडपत्रीखाली काय आहे?"

फिनबोनं डोळे मिटले.

"डेस्मंड, तू काय केलंस?"

"थोडं सरळ केलं," मी फटीला तोंड लावून म्हणालो.

मग ती बोलली, सभ्यपणे मुळीच नव्हे, मोठ्यानं, आणि ते ऐकून मला उलट धीर आला. "मूर्खा! दारं वाकड्या कोठाराच्या मापाची आहेत! आजोबांनी बसवली, कोठार जसं होतं तशी. तुला सरळ कुणी करायला सांगितलं?"

"विंचेची खिट्टी सोड, गिलियन!" फिनबो ओरडला. "हळूहळू, हं! दांडा धरून!"

आम्ही चौघं खळ्यात उभे होतो. आधी दोर सैल पडल्याचा आवाज आला. मग कोठारानं श्वास सोडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक सांधा कुरकुरत गेला, वासे, तुळया, आधार, आणि तो सगळा प्रचंड सांगाडा आपल्या जागी जाऊन टेकला. थोरलं दार आपणहून, कुणी न ढकलता, हातभर उघडलं. दारात गिलियन उभी होती, हात ग्रीसनं काळे.

मी मिस ड्रिंगकडे बघितलंच नाही. आता टाळं, कोर्ट, वर्तमानपत्रात फोटो. पण त्या वर बघत होत्या. विजेरी घेऊन त्यांनी एकेक सांधा पाहिला, शिडीवर चढून पाहिला. खाली उतरल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते.

"एकही खुंटी तुटलेली नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही! मी वीस वर्षं हे काम करतेय. लोकांना सांगत असते, की या इमारती अशा बांधल्यात की त्या झुकतात, सैलावतात, सावरतात. पण असं डोळ्यांनी बघायला कधी मिळालं नव्हतं. कोण करणार असला मूर्खपणा? ते कललंय ना, ते त्याला सोयीचं पडतं म्हणून कललंय. तसंच राहू द्या." मग रेव्हरंड बाईंकडे वळून म्हणाल्या, "भक्कम आहे. माझं घर असं भक्कम असतं तर मी सुखानं झोपले असते. मिस्टर थर्लो, मी मघाशी दोर वगैरे काही पाहिला नाही. जाताना दिसला तर मला फार वाईट वाटेल."

फिनबो धावला. मिस ड्रिंग गाडीत बसेपर्यंत तो गुंडाळलेल्या दोरावर बसून होता, दुपारचं ऊन खातोय असा चेहरा करून.

"तर मग शनिवारी इथंच," रेव्हरंड बाई म्हणाल्या. गिलियननं मान हलवली. तिनं काळे हात खांबाला टेकले, कपाळही टेकलं, आणि ती हसायला लागली; हसता हसता रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तू कशालाही हात लावू नकोस."

शनिवारी सगळं गाव आलं. गोष्ट माझ्या आधी पोचलेली होतीच, पण कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांनी फक्त हवा किती छान आहे ते सांगितलं. हॅम कापून झालं, बटाटे आले, आणि वारा सुटला. टेबलावरचे रुमाल उडायला लागले. रेव्हरंड बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी यजमान, दार लावायचं काम माझं. मी उठलो आणि चालत दारापर्यंत गेलो. बोलणी थांबली, सुऱ्या थांबल्या. मला पाठीवर सगळ्या गावाचे डोळे कळत होते. माझा हात काही पुढं होईना. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले, बाहेरच्या आभाळाकडे बघत उभा राहिलो आणि परत येऊन बसलो. एकेकानं गुपचूप आपापले कोट चढवले आणि सगळे पुन्हा जेवायला लागले.

मग गिलियन उठली. तिनं एका बोटानं दार ओढलं, आणि ते एवढं थोरलं दार त्या वाकड्या चौकटीत, आवाजही न करता, जाऊन बसलं. सगळं कोठार टाळ्यांनी दणाणलं. फिनबो तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच. गिलियन माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.